स्पॅनिश शिकायला घेतलंय, पण नेमकी कुठली?

लिंबूटिंबू:

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसतीच वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच स्वतःचा धागा काढतेय तेव्हा जरा सांभाळून घ्या. विषय असा की मी स्पॅनिश शिकायला घेतलंय. का म्हणून विचाराल तर सांगण्यासारखं कारण नाही, नोकरी नाही, व्हिसा नाही, परीक्षा नाही, डोक्याला काहीतरी नवीन खुराक हवा होता आणि जपानी वगैरे घ्यायचं तर आधी लिपीच गिरवत बसावं लागलं असतं म्हणून ही. आठवड्यातून दोनदा ऑनलाइन क्लास आणि बाकीच्या वेळी डुओलिंगो ॲपचं घुबड आहेच मानगुटीवर. वर्तमानकाळ झालाय, भूतकाळात आत्ता कुठे पाय टाकलाय.

आधी कौतुक करून घेते. ही भाषा वाचायला इतकी सरळ आहे की इंग्रजी स्पेलिंगनी आयुष्यभर छळल्यानंतर अक्षरशः हायसं वाटतं. एच लिहितात पण उच्चारत नाहीत, बी आणि व्ही दोन्हीचा आवाज एकच, जे म्हणजे घशातून काढलेला ह, एवढं लक्षात ठेवलं की पाटी बघून शब्द वाचता येतो. जोर कुठे द्यायचा त्याचाही नियम आहे, शब्द स्वराने किंवा एन-एसने संपला तर शेवटून दुसऱ्या अवयवावर (सिलेबलवर), नाहीतर शेवटच्या, आणि हा नियम मोडत असेल तिथे डोक्यावर तिरकी रेघ मारून ठेवतात. बिचाऱ्यांनी सगळं सांगून ठेवलंय.

आता रडगाणं. क्लासमध्ये शिकवलं की जवळच्या माणसाला 'तू' (हो, उच्चार आपल्यासारखाच तू) आणि मान द्यायचा तर 'उस्तेद'. म्हटलं वा, हे तर आपलं तू-तुम्ही, इथे आपण जिंकलो. मग भाषा-देवाणघेवाणीच्या एका ॲपवर कोलंबियातल्या बोगोताची एक मुलगी भेटली, तिला इंग्रजी सुधारायचंय. माझ्याच वयाची, सारखी हसणारी, मला आमिगा (मैत्रीण) म्हणून हाक मारणारी, आणि प्रत्येक वाक्यात मला उस्तेद! मला वाटलं अजून ओळख नाही म्हणून असेल. मग एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना मधेच तिची आई खोलीत आली तर आईला उस्तेद, लहान भावाला उस्तेद, आणि शेवटी कुत्रा सोफ्यावर चढला तर त्यालाही उस्तेद. म्हणजे काय, 'आपण कृपया खाली उतरावं' असं? कुत्र्याला?

वर गंमत म्हणजे आमच्या सरांनी 'बोसोत्रोस'ची सगळी रूपं घोकून घेतलीत (तुम्ही सगळे, ह्या अर्थी) आणि तिच्यासमोर मी ती ऐटीत म्हणून दाखवली तर ती म्हणाली की हे आमच्याकडे फक्त बायबलात आणि चर्चमध्ये ऐकू येतं.

तर जाणकारांनो, मी शिकतेय ती नक्की कुठली स्पॅनिश आहे? आणि ती मुलगी मला लांब ठेवतेय की जवळची मानतेय हे कसं ओळखायचं? थेट विचारलं तर तिला वाईट वाटेल का?

कोरी पाटी:

मी पण मी पण! परवाच सुरू केलंय. कुत्र्याचा किस्सा वाचून खुर्चीतून पडायची बाकी होते. धागा वाचनखुणेत टाकलाय, येऊ द्या.

वाटसरू:

कामानिमित्त कोलंबियात राहून आलोय त्यामुळे ह्यावर बोलायचा थोडाफार हक्क आहे असं समजतो. लिंबूटिंबू, तुम्ही निश्चिंत राहा, ती तुम्हाला अजिबात लांब ठेवत नाहीये. बोगोता आणि तिच्या आजूबाजूच्या डोंगराळ भागात उस्तेद हे घरातलं सर्वनाम आहे. नवराबायको, भावंडं, शाळेपासूनचे मित्र, सगळे बिनदिक्कत उस्तेद. उलट दोन पुरुष मित्रांनी एकमेकांना तू म्हटलं तर तिथल्या जुन्या वळणाच्या कानांना ते जरा लाडिक लागतं. आणि तेच उस्तेद बँकेतल्या माणसालाही! म्हणजे एकच शब्द सगळ्यात जवळच्याला आणि सगळ्यात परक्याला, मधल्यांची पंचाईत. कुठलं कुठलं हे आवाजावरून कळतं, व्याकरणावरून नाही.

आता ह्याच्यावर कडी. त्याच देशात समुद्रकिनाऱ्याला, कार्ताहेना-बारांकियाकडे गेलात की सगळे सर्रास तू. मेदेयिन आणि कालीमध्ये तिसरंच, बोस. बोगोताच्या ईशान्येला बोयाकामध्ये चौथं, सुमेर्से, हा सु मेर्सेद म्हणजे 'आपली कृपा' ह्याचा घासून गुळगुळीत झालेला तुकडा. भाजीवाली बाई नातवाच्या वयाच्या गिऱ्हाइकाला इतक्या मायेने सुमेर्से म्हणते की ऐकतच राहावं. उस्तेदसुद्धा मुळात त्याच कुळातला, बुएस्त्रा मेर्सेदचा घासलेला अवतार. दरबारी शब्द होता, कुत्र्यापर्यंत पोचायला काही शतकं लागली एवढंच.

आणि थेट विचारा हो. ह्या विषयावर कोलंबियन माणूस तासभर बोलतो, वाईट कसलं वाटतंय.

उंटावरचा शहाणा:

वाटसरूंचा प्रतिसाद आवडला पण मला ह्या निमित्ताने एक जुनी खाज भागवून घ्यायचीय. भाषा शिकणाऱ्यांना 'कल्चर' म्हणून जे पाजलं जातं ते नव्वद टक्के वेळा पर्यटन खात्याचं पत्रक असतं. स्पॅनिश लोक दुपारी झोपतात, रात्री दहाला जेवतात, सगळे नाचतात, वेळेचं भान नाही, इत्यादी. लिंबूटिंबूंच्या सरांनीही हे शिकवलंच असेल, पैज लावतो.

आता जेवणाचंच घ्या. स्पेनमधून ग्रिनिचची रेषा जाते, म्हणजे नकाशाप्रमाणे त्यांचं घड्याळ लंडनबरोबर चालायला हवं. पण १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने घड्याळं तासभर पुढे केली आणि ती परत मागे आलीच नाहीत, त्यामुळे आज माद्रिद बर्लिनच्या वेळेवर चालतं. उन्हाळ्यात तिथे आणखी एक तास पुढे, मग माद्रिदमध्ये सूर्य डोक्यावर यायला दुपारचे सव्वादोन होतात. तेव्हा जेवायला बसणारा माणूस आळशी की सूर्याप्रमाणे वेळेवर? सांगा बरं. आणि दुपारची झोप म्हणाल तर शहरात नोकरी करणाऱ्या सामान्य माणसाला ती कामाच्या दिवशी मिळतच नाही.

रात्रपाळी:

उंशा (उंटावरचा शहाणा), घड्याळाचा मुद्दा बरोबर आहे पण सगळं बिल फ्रँकोच्या नावावर फाडू नका. त्याच सुमाराला ब्रिटननेही घड्याळं पुढे केली होती, त्यांनी युद्धानंतर मागे घेतली. शिवाय दुपारची लांब सुट्टी आणि संध्याकाळी उशिरापर्यंत काम ही दिवसाची जी दोन तुकड्यांत विभागणी आहे त्याला युद्धानंतरच्या हलाखीत लोक सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी अशा दोन नोकऱ्या करायचे हेही एक कारण सांगतात. बाकी पत्रक-कल्चरबद्दल पूर्ण सहमत.

खडूस आजोबा:

व्याकरणाचं कोणी बोलतच नाहीये म्हणून येतो. लिंबूटिंबू, तू म्हणालीस की तू-तुम्हीमध्ये आपण जिंकलो. तिथे नाही जिंकलो. जिंकलो ते दुसरीकडे, आणि क्लासमध्ये इंग्रजीतून शिकवतात म्हणून ते कोणाच्या लक्षातच येत नाही. ही चीड आणणारी गोष्ट आहे. पुस्तक इंग्रजी माणसासाठी लिहिलेलं, त्यात पानंच्या पानं खर्च केलीत 'मे गुस्ता' समजावण्यात, कारण इंग्रजीत 'मी कॉफी आवडतो' अशी रचना आहे आणि स्पॅनिशमध्ये कॉफी मला आवडते. अरे आपल्याकडे जन्मापासून कॉफी मलाच आवडते! मे गुस्ता एल लिब्रो, मला पुस्तक आवडतं. मे गुस्तान लोस लिब्रोस, मला पुस्तकं आवडतात. क्रियापद पुस्तकांच्या मागे जातं, माझ्या नाही. मराठी पोराला हे एका मिनिटात कळायला हवं, पण तो आधी इंग्रजीत जातो, तिथे गोंधळतो, मग स्पॅनिशमध्ये येतो.

दुसरं उदाहरण तर ह्याहून सुंदर. स्पॅनिशमध्ये कर्म माणूस असेल तर त्याच्याआधी 'आ' लावतात, वस्तू असेल तर नाही. बेओ ला कासा, मी घर बघतो. बेओ आ मारिया, मी मारियाला बघतो. कळलं? मराठीत घरला 'ला' नाही, मारियाला 'ला' आहे! हे आपण विचार न करता करतो आणि इंग्रजी पुस्तकं ह्याला विचित्र अपवाद म्हणून वेगळा धडा देतात. पाळीव कुत्र्यालाही बऱ्याचदा 'आ' लागतो, म्हणजे त्या बोगोताच्या कुत्र्याचा मान तिथेही राखलेला आहे.

तिसरं, हातून ग्लास पडला. 'से मे कायो एल बासो'. ग्लास पडला, आणि ते माझ्या बाबतीत झालं, मी पाडला असं कुठेच नाही. आपलं 'माझ्या हातून पडला' ह्याला लागूनच. चौथं, गेलो आणि जायचो ह्यातला फरक. फुई म्हणजे गेलो, एकदा झालं नि संपलं. इबा म्हणजे जायचो किंवा जात होतो. भूतकाळात पाय टाकलायस ना, मग तिथे आल्यावर प्रत्येक वाक्य मराठीत म्हणून बघ, दहापैकी आठ वेळा उत्तर कानाला आपोआप ऐकू येईल.

माझं सांगणं एवढंच, वही काढ आणि डाव्या बाजूला इंग्रजी लिहिणं बंद कर.

कोरी पाटी:

आजोबा 🙏 मारियाला बघतो, घर बघतो... हे माझ्या आयुष्यात मी कधी नोटीसच केलं नव्हतं!! मराठीचंच व्याकरण आज कळलं.

बरं मग सेर आणि एस्तारचं पण असंच काही आहे का? दोन्ही 'असणे' आहेत ना. मी कुठेतरी वाचलं की कायमचं असेल तर सेर आणि तात्पुरतं असेल तर एस्तार. मग आपलं 'दूध पांढरं असतं' म्हणजे सेर आणि 'दूध गरम आहे' म्हणजे एस्तार?

खडूस आजोबा:

डोकं चालतंय, शाबास, पण इथे थांब. हा रस्ता थोडं पुढे जाऊन खड्ड्यात संपतो. कायमचं-तात्पुरतं हा नियम ज्याने काढला त्याला विचार की मेलेल्या माणसाला एस्तार का लावतात, एस्ता मुएर्तो. मरणाहून कायमचं काय आहे? एस्तार म्हणजे आत्ता ज्या स्थितीत आहे ती, कशीतरी होऊन बसलेली स्थिती. आणि सेर म्हणजे ते काय आहे, कोण आहे, कशाचं आहे. जागा सांगायला एस्तार: माद्रिद स्पेनमध्ये आहे, एस्ता. पण पार्टी माझ्या घरी आहे म्हणायला सेर, 'ला फिएस्ता एस एन मि कासा', कारण पार्टी ही वस्तू नाही, घडणारी गोष्ट आहे, ती घरी 'होणार' आहे. आपल्या असतो-आहेने सुरुवातीला टेकू मिळतो, भिंत उभी राहत नाही.

लिंबूटिंबू:

बापरे, एका दिवसात इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. आजोबा, वही बदलली. खरंच डावीकडे मराठी लिहिल्यावर मे गुस्ताची भीतीच गेली, आणि त्याच धड्यात 'मे दुएले ला काबेसा' होतं, शब्दशः मला डोकं दुखतंय, तेही सरळ बसलं. लिंगाचं मात्र काही खरं नाही. हात हा पुल्लिंगी ना आपल्याकडे, तिथे ला मानो, स्त्रीलिंगी. दिवसाला दिया, दिसायला आकारान्त, तरी पुल्लिंगी, एल दिया. आपल्याकडे तीन लिंगं आहेत म्हणून दोन सोपी जातील वाटलं होतं, पण आपली तीन त्यांच्या दोनात कोंबताना सगळी उलटीपालटी होतात.

उंशा, पैज जिंकलात. सरांचा पहिलाच तास फ्लामेंको, बैल आणि दुपारची झोप.

मैत्रिणीला अजून विचारलेलं नाही. ह्या शनिवारी विचारते.

दोन शब्द:

अवांतर वाटेल पण सांगतो, कारण मला 'दुसरी संस्कृती' हा प्रकार व्याकरणात नाही तर एक्सेलमध्ये भेटला. आमच्या कंपनीत स्पेनच्या ग्राहकांचा डेटा यायचा. तिथे प्रत्येकाला दोन आडनावं, पहिलं सहसा वडिलांचं, दुसरं आईचं, आणि लग्न झाल्यावर बाई नाव बदलत नाही. आमच्या सिस्टीमने मात्र शेवटचा शब्द उचलून आडनावाच्या रकान्यात टाकलेला. आता समजा बाप लोपेस रुईस, आई मोरेनो हिल, तर मुलगा लोपेस मोरेनो. सिस्टीमच्या मते बापाचं आडनाव रुईस, मुलाचं मोरेनो आणि आईचं हिल. एका घरातले तिघेही एकमेकांचे कुणीच नाहीत! कौटुंबिक सवलत नामंजूर. मग सुरू झाला ईमेलचा पाऊस, ज्यात आमचे लोक ठामपणे विचारतायत की तुम्ही खरंच ह्यांचे वडील आहात का, पुरावा जोडा.

एका बाईंनी फार शांतपणे उत्तर लिहिलं होतं, की चित्रकार पिकासो ह्यांच्या वडिलांचं आडनाव रुईस होतं, पिकासो हे आईचं, तर त्यांनाही तुम्ही सवलत नाकारली असती असं दिसतं. ती मेल आम्ही भिंतीवर लावली होती.

तेव्हापासून कुठल्याही स्पॅनिश नावाच्या माणसाला मी आडनावाने हाक मारायची असेल तर पहिलं आडनाव घेतो. हे शिकवायला कुठला क्लास नव्हता.

वाटसरू:

हाहा, पिकासोवाली बाई भारी.

लिंबूटिंबूंच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कुठली स्पॅनिश. माझं मत असं की पहिली दोनेक वर्षं हा प्रश्न वाटतो तितका मोठा नसतो. मूळ गाभा एकच आहे, मेक्सिकोचा बातमीदार आणि चिलीचा बातमीदार दोघेही तुम्हाला सारखेच कळतील किंवा सारखेच कळणार नाहीत. फरक पडतो तो तोंडी बोलण्यात. स्पेनच्या बऱ्याच भागात झेड आणि ई-आयच्या आधीचा सी हा जीभ दातांत धरून थ सारखा काढतात, लॅटिन अमेरिकेत सगळीकडे स. बुएनोस आइरेसमध्ये डबल एलचा श होतो, रस्ता म्हणजे काये नाही तर काशे. बोसोत्रोस स्पेनमध्ये लागतं, अटलांटिक ओलांडला की सगळ्यांना उस्तेदेस. आर्जेंटिनात तू नाहीच, बोस, आणि त्याची क्रियापदंही वेगळी. पण एकच गोष्ट सांगतो, जिथली माणसं तुमच्याशी बोलतायत तिथली धरा. तुमची मैत्रीण बोगोताची आहे, मग झालं की. सरांना परीक्षेपुरतं बोसोत्रोस द्या आणि तिच्याशी उस्तेद बोला.

आणि जमलं तर तिला 'मे रेगाला उन तिंतो' काय ते विचारा. कोलंबियात दुकानात शिरून माणूस म्हणतो की मला एक तिंतो भेट देता का, म्हणजे काळी कॉफी द्या, आणि मग व्यवस्थित पैसे देतो. हेच वाक्य स्पेनमध्ये टाकलं तर वेटर बुचकळ्यात पडेल, एक तर फुकट मागतोय आणि वर तिंतो म्हणजे तिथे रेड वाइन, सकाळी सकाळी. उलट स्पेनचा माणूस 'पोनमे उन काफे', मला कॉफी दे, असं सरळ आज्ञार्थात सांगतो आणि तिथे ते मुळीच उद्धट नाही. बोगोतात तसं बोललात तर समोरचा कॉफी देईल, पण दुखावून देईल.

उंटावरचा शहाणा:

हे आवडलं. पण 'लॅटिन अमेरिका' म्हणून एक गठ्ठा बांधताना जरा जपून. माझ्या मते नवशिक्याला दुसऱ्या संस्कृतीबद्दल सांगायचंच असेल तर फ्लामेंकोऐवजी हे सांगावं की स्पॅनिश जवळपास ५० कोटी लोकांची मातृभाषा आहे आणि त्यातले स्पेनमध्ये राहणारे दहा टक्केही नाहीत. ती तिकडे गेली ती तलवारीबरोबर गेली. आणि तरीही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे देश स्वतंत्र होऊ लागले तेव्हा तिथे कितीतरी लोकांची घरची भाषा अजून नाउआत्ल, माया, केचुआ, आयमारा अशीच होती, स्पॅनिशचा खरा प्रसार त्यानंतरच्या शाळा, सैन्य आणि सरकारी कचेऱ्यांनी केला. पॅराग्वेमध्ये १९९२ च्या राज्यघटनेने ग्वारानी ह्या तिथल्या मूळच्या भाषेला स्पॅनिशच्या बरोबरीने अधिकृत केलं आणि तिथे बाजारात तीच ऐकू येते, ती बोलायला आदिवासी असावं लागत नाही. बोलिव्हियाच्या २००९ च्या राज्यघटनेत स्पॅनिश सोडून ३६ भाषा नावानिशी लिहिल्यात.

आता १२ ऑक्टोबर बघा, कोलंबस पोचला तो दिवस. स्पेनचा तो राष्ट्रीय दिन, लष्करी संचलन वगैरे. व्हेनेझुएलात २००२ पासून तोच दिवस मूलनिवासींच्या प्रतिकाराचा दिवस. आर्जेंटिनात २०१० पासून सांस्कृतिक वैविध्याच्या आदराचा दिवस. तारीख एक, भाषा एक, पण कुणाला शुभेच्छा द्यायच्या आधी दोनदा विचार करावा लागतो. तेव्हा 'स्पॅनिश कल्चर काय असतं' ह्या प्रश्नाला माझं उत्तर, कुणाचं ते आधी सांगा.

अगदी भाषेचं नावसुद्धा एक नाही. बरेच जण एस्पान्योल न म्हणता कास्तेयानो म्हणतात, स्पेनच्या १९७८ च्या राज्यघटनेतही कास्तेयानोच लिहिलंय, कारण कातालान, बास्क आणि गालिसियनसुद्धा स्पेनच्याच भाषा आहेत आणि बार्सेलोनात कुणाला 'तुमची स्पॅनिश छान आहे' म्हणणं हे कौतुक ठरेलच असं नाही.

कोरी पाटी:

उंशा तुम्ही मला घाबरवून सोडलंत, मी अजून ओला (नमस्कार) आणि ग्रासियासवर (धन्यवाद) आहे 😅 कुणीतरी सांगा की नवीन माणसाने ऐकायचं काय, मला सगळं एका लांबलचक शब्दासारखं ऐकू येतं.

रात्रपाळी:

हे माझं खातं. आधी एक, ॲप वाईट नाही पण ॲपवर वाक्य जुळवता येतं म्हणजे भाषा येते हा भ्रम आठवडाभरात कुणाशी तरी बोलून मोडून घे. ऐकण्यासाठी यूट्यूबवर ड्रीमिंग स्पॅनिश बघ, अगदी नवख्यांसाठीचे व्हिडिओ आहेत, माणूस फळ्यावर चित्रं काढत, हातवारे करत हळूहळू फक्त स्पॅनिशमध्येच बोलतो, आणि शिकवणारे वेगवेगळ्या देशांचे आहेत त्यामुळे कानाला सुरुवातीपासून सवय लागते की शब्द एक नि चाली अनेक. इझी स्पॅनिश म्हणून आहे त्यात रस्त्यावरच्या लोकांना पकडून प्रश्न विचारतात, खाली दोन्ही भाषांत ओळी येतात. लँग्वेज ट्रान्सफरचा ऑडिओ कोर्स पूर्ण फुकट आहे, तो चालता चालता ऐक पण पॉज करून उत्तर दिलंस तरच उपयोग. थोडं अंगवळणी पडलं की बीबीसी मुंदो वाच, बातमी आधी आपल्या भाषेत माहीत असली की अर्धे शब्द आपोआप लागतात. रादिओ आंबुलांते हे लॅटिन अमेरिकेतल्या खऱ्या घटनांचं पॉडकास्ट अप्रतिम आहे पण ते आत्ता नको, आत्ता ऐकलंस तर सोडून देशील. शब्दकोश स्पॅनिश भाषेच्या अकादमीचाच (रेआल अकादेमिया एस्पान्योला) वापर, ऑनलाइन फुकट आहे, आणि त्यात कुठला अर्थ कुठल्या देशात चालतो ते छोट्या खुणांनी दिलेलं असतं.

त्या खुणा बघायची सवय लाव गं, खूप वाचवते. 'कोहेर' हे क्रियापद स्पेनमध्ये बस पकडायला रोज वापरतात, आणि मेक्सिको-आर्जेंटिनात ते चारचौघांत म्हणता येत नाही. एवढंच सांगते, बाकी शब्दकोशात बघ.

सर्टिफिकेट हवं असेल तर देले परीक्षा, इन्स्तितुतो सेर्बांतेस घेतं, एकदा पास झालं की आयुष्यभर चालतं. पण हौसेसाठी शिकणाऱ्याने पहिल्याच वर्षी तिच्या मागे लागू नये, मग सगळा अभ्यास रिकाम्या जागा भरण्यात जातो.

खडूस आजोबा:

रात्रपाळी, हातवारे बघून भाषा येते ह्यावर माझा विश्वास नाही. क्रियापदांची रूपं पाठ केल्याशिवाय सुटका नाही. मी जुन्या वळणाचा आहे.

रात्रपाळी:

आजोबा, तुम्ही मराठीत 'मारियाला' कुठल्या तक्त्यावरून पाठ केलं होतं? 😉

खडूस आजोबा:

हं.

लिंबूटिंबू:

शनिवारचा वृत्तान्त! विचारलं. थेट विचारलं, की आपण इतक्या बोलतो तरी मला उस्तेद का. ती आधी दोन सेकंद बघतच राहिली, कारण तिच्या ते लक्षातच नव्हतं की ती उस्तेद म्हणते. मग हसत सुटली. म्हणाली की तिच्या घरात सगळे असेच बोलतात, आजीही, आणि लहानपणी आई तिला तू म्हणायला लागली की समजायचं आता काहीतरी चुकलंय, ओरडा बसणार. म्हणजे बरोब्बर उलटं! ऑफिसात मात्र समवयस्क मुलींना ती तू म्हणते, कारण तिथे उस्तेद फार घरगुती वाटेल. पण ऑफिसातल्या साहेबांना परत उस्तेद. मी म्हटलं हे मी वहीत कसं लिहू? तर म्हणाली लिहू नकोस.

मग तिने मला उलट विचारलं की तुमच्यात कसं असतं, आणि मी तू, तुम्ही, आपण, कुणाला अहो कुणाला अगं असं सुरू केलं आणि दहा मिनिटांनी माझ्याच लक्षात आलं की मलाही नियम सांगता येत नाहीये. ती म्हणे, म्हणजे तूही एकाच बाईला कधी अगं कधी अहो म्हणतेस? म्हटलं हो, मूडप्रमाणे.

तिंतोचं वाक्यही विचारलं वाटसरू, तिला त्यात विचित्र काय तेच कळेना!

आता पुढचं संकट. क्लासमध्ये सबजंक्टिव्ह येणार अशी सरांनी आत्तापासूनच धमकी दिलीय, भलेभले तिथे गळतात म्हणे. आजोबा, इथेही मराठी कामाला येते का?

वाटसरू:

'ओरडा बसणार असेल तेव्हा तू' हे मात्र मी कधी ऐकलं नव्हतं, तिच्या घरची खासियत दिसते. मस्त.

खडूस आजोबा:

येते. बऱ्यापैकी येते. 'किएरो के बेंगास', तू यावंस असं मला वाटतं. इंग्रजीत ह्या 'यावंस'ला हल्लीच्या बोलण्यात धड जागाच उरलेली नाही म्हणून इंग्रजी पुस्तकं ह्या धड्यावर रडतात. तुला 'येतेस' आणि 'यावंस' ह्यातला फरक कुणी शिकवला होता? घडतंय ते साधं रूप, घडावं असं वाटतं ते सबजंक्टिव्ह. ओहाला हा शब्द तर मुद्दाम लक्षात ठेव, अरबीतून आलाय, मूळ अर्थ देवाची इच्छा असेल तर. ओहाला युएबा, पाऊस पडावा बाई एकदाचा. त्याच्यापुढे नेहमी हेच रूप.

पण 'कुआंदो बेंगास' म्हणजे 'तू येशील तेव्हा', तिथे आपण साधा भविष्यकाळ वापरतो आणि ते सबजंक्टिव्ह वापरतात, कारण अजून घडलेलं नाही. शंका घेतानाही तेच, 'नो क्रेओ के बेंगा', तो येईल असं मला वाटत नाही. तिथे मराठी फसवते. तेव्हा इच्छा, विनंती, सल्ला इथपर्यंत मराठीचा हात धर आणि काळ आणि शंका आली की सोड. आणि रूपं पाठ कर. तक्त्यावरून.

रात्रपाळी:

पाठ करावीत, असं आजोबांना वाटतं. सबजंक्टिव्ह.

कोरी पाटी:

😂😂 आजोबा तक्ता टाका ना इथेच, आर-कारान्त, एर-कारान्त, इर-कारान्त तिन्ही. मी आणि लिंबूटिंबू मिळून पाठ करू.